शरीराची आणेवारी कोण काढणार?

गेल्या जिल्हा बैठकीत सभा संपल्यावर एक जुने कार्यकर्ते मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मुलगी बी.एस्सी. ॲग्री झालेली. तिला पुढे सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स पदवी घ्यायची आहे आणि तीही साथरोगशास्त्र घेऊन. बाप म्हणाला, "भाऊ, दोन वर्षं शिकून ही ना डॉक्टर होणार, ना कृषी अधिकारी. सुई टोचता येणार नाही, गोळी देता येणार नाही. मग हिनं शिकायचं तरी काय?"

त्या वेळी आम्ही "विचार करून सांगतो" म्हणालो. विचार केला. उत्तर एका घरापुरते नाही, म्हणून इथे लिहितो आहोत.

आणेवारी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पीक बुडालेले सगळ्या गावाला दिसते. पण कागदावर पैसेवारी पन्नासच्या वर लागली की दुष्काळ नाही. मग वसुलीला स्थगिती नाही आणि पोरांच्या परीक्षा फीची माफी नाही. पीक वावरात बुडते, शेतकरी मात्र आकड्यात बुडतो. म्हणूनच कापणी प्रयोगाचा प्लॉट कुठे टाकला, चांगल्या वावरात की खडकाळ, यावरून आपण भांडतो. उत्पादन खर्चाचा हिशेब आपण स्वतः मांडायला शिकलो, तेव्हा कुठे सरकारला उत्तर द्यावे लागले.

साथरोगशास्त्र म्हणजे माणसाच्या शरीराची आणेवारी. डॉक्टर एका रोग्याला तपासतो. साथरोगशास्त्र गावाला तपासते: आजारी कोण पडले, कोण पडले नाही, आणि दोघांत फरक काय?

सन १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली आणि सुमारे सहाशे माणसे मेली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने घरोघर फिरून मृत्यू नकाशावर मांडले. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती निघाले. पण खरे शहाणपण पुढे आहे. त्या पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यातला एकही कामगार मेला नव्हता. का? ते त्या पंपाचे पाणी पीतच नव्हते. बिअर पीत आणि कारखान्याची विहीर वेगळी होती. स्नोच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढून टाकला गेला. पटकीचा जंतू तेव्हा डॉक्टरांना ठाऊक नव्हता. औषध नसताना, जंतू ठाऊक नसताना, नुसत्या मोजणीने कारण सापडले.

आता आपल्या अंगणात या.

पहिला हिशेब आत्महत्यांचा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०१३ साली शेतकरी आत्महत्या ११,७७२ होत्या. २०१४ साली त्या ५,६५० झाल्या. एका वर्षात निम्म्या! असे काय घडले? भाव दुप्पट झाले? कर्ज फिटले? काही नाही. त्या वर्षीपासून 'शेती करणारे' आणि 'शेतमजूर' असे दोन रकाने पाडले गेले. मजुरांच्या रकान्यात ६,७१० होते. दोन्ही मिळून १२,३६०. मरणारे तेवढेच, रकाना तेवढा बदलला.

साथरोगशास्त्राचा पहिला धडा हाच असतो: मोजण्याआधी व्याख्या विचारा. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, ती जन्मभर वावरात राबून मेली तर ती शेतकरी की नाही? आपल्या राज्यात आत्महत्या मदतीसाठी 'पात्र' आणि 'अपात्र' ठरतात, हे तुम्ही जाणताच. व्याख्या ज्याच्या हातात, आकडा त्याच्या हातात.

दुसरा हिशेब यवतमाळचा. २०१७ च्या खरिपात तिथे कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसच्या वर माणसे दगावली. लगेच एक उत्तर तयार झाले: मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत. म्हणजे मेला तो आपल्या चुकीने मेला.

यावर आपण संतापलो. मोर्चे निघाले, सभा झाल्या, निवेदने दिली. पण साथरोगशास्त्र शिकलेल्या माणसाने शांतपणे एकच प्रश्न विचारला असता: मास्क तर २०१५ मध्येही नव्हता आणि २०१६ मध्येही नव्हता. मग २०१७ मध्येच इतके का? त्या साली वेगळे काय होते? कपाशी डोक्याएवढी वाढली होती, म्हणून फवारा तोंडावर येत होता का? दोन-तीन औषधे एकत्र केली गेली का? बॅटरीच्या पंपाचा तुषार जास्त बारीक होता का? मजूर दिवसाला किती तास फवारत होता?

याचे उत्तर काढण्याची रीत आहे. एका आजारी माणसामागे त्याच गावातले, त्याच आठवड्यात फवारणी केलेले, पण आजारी न पडलेले दोघे घ्यायचे. तिघांनाही तेच प्रश्न विचारायचे: कोणता पंप, कोणते औषध, किती तास, वारा कुठला, जेवणाआधी हात धुतले का? आजाऱ्यांत जे जास्त आणि धडधाकटांत जे कमी, तिथे बोट ठेवायचे. हे काम त्या मोसमातच करावे लागते. दोन महिन्यांनी पंप धुतलेला असतो, डबा भंगारात गेलेला असतो, मजूर ऊसतोडीला निघून गेलेला असतो. पुरावा पिकासारखाच असतो. वेळेवर कापला नाही तर झडून जातो.

"हे विलायतेतले शास्त्र, आपले काय?" असे कुणी म्हणेल. या मोजणीच्या गणिताचा मोठा भाग वावरातूनच दवाखान्यात गेला आहे. चिठ्ठ्या टाकून वाफे निवडायचे, एकाला खत द्यायचे, शेजारचा तसाच ठेवायचा, ही रीत रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडच्या रॉदमस्टेड शेती केंद्रात बसवली; औषधांच्या चाचण्यांनी ती पुढे उचलली. आणि पिकाचा अंदाज नमुना-कापणीने काढण्याची पद्धत आपल्या देशात शास्त्रशुद्ध करणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे अग्रभागी होते. ते पुढे जगाच्या भुकेचा हिशेब मांडायला रोमला, अन्न आणि कृषी संघटनेत गेले. वाफा मोजणाऱ्यालाच पोट मोजता येते.

आणि ही पदवी घेऊन खेड्यात परतलेली माणसे महाराष्ट्राने पाहिली आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन कामाला लागले. अक्षर न शिकलेल्या बायांना त्यांनी आरोग्याची जाणकार केले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग त्याच विद्यापीठात शिकून गडचिरोलीला गेले. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला आणि त्यातली पूर्वी तपासणी झालेली बाई शंभरात आठ. १९८९ साली हे छापून येईपर्यंत सरकारच्या लेखी खेड्यातल्या बाईला बाळंतपणाखेरीज दुखणेच नव्हते. पुढे बंगांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि ४७ गावे तुलनेला ठेवली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हा हिशेब जगापुढे आला आणि २०११ पासून आशाताईंकडून देशभर हेच काम करून घेतले जाऊ लागले. तुलनेची ४७ गावे नसती तर "योगायोग आहे" म्हणून फाईल बंद झाली असती.

आता व्यवहाराचे. अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा. संख्याशास्त्र, साथरोगशास्त्र, व्यवसायातून होणारे आजार, आरोग्याचे अर्थकारण, गावात जाऊन केलेला एक अभ्यास. मुंबईच्या टाटा संस्थेने, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने, चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने हे शिक्षण चालवले आहे. सगळीकडे एमबीबीएसची अट नसते. काही ठिकाणी नर्सिंग, कृषी, पशुवैद्यक, समाजकार्य शिकलेल्यांनाही वाव असतो. प्रवेशाआधी नियम, फी आणि मान्यता स्वतः पाहावी. लाखांनी फी घेणारी आणि गावात एक दिवसही न नेणारी दुकानेही निघाली आहेत.

नोकरीचे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. साथरोगतज्ज्ञाच्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात आणि डॉक्टरला मिळतो तसा मान मिळत नाही. जमीन गहाण टाकून ही पदवी घेऊ नये. शिष्यवृत्ती मिळाली तर मात्र दारात आलेली संधी परत पाठवू नये.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. मोजणारी पोर आपली असली तरी आकडा आपल्या बाजूचा येईलच असे नाही. उद्या ती म्हणेल, दुकानदाराच्या सांगण्यावरून तुम्हीच नको ती औषधे मिसळलीत. म्हणेल, मालकाने मजुराला उपाशीपोटी पंप उचलायला लावला. तेव्हा तिला "कंपनीची माणूस" किंवा "सरकारची माणूस" म्हणून हाकलणार असू, तर तिला शिकायला पाठवूच नये. आणेवारी खरी हवी असेल तर ती दोन्ही बाजूंनी खरी हवी.

तेव्हा येत्या बैठकीत तीन गोष्टी ठरवू. दर जिल्ह्याने एक तरी होतकरू मुलगा किंवा मुलगी निवडावी, तिचे अर्ज-परीक्षेचे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. फवारणीच्या मोसमात दर गावाने एक वही ठेवावी: कोणी फवारले, काय फवारले, किती वेळ, कोणाला त्रास झाला, कोणाला झाला नाही. शेवटचा रकाना विसरू नये. बिअरच्या कारखान्यातले कामगार त्याच रकान्यात होते. आणि सरकारकडे मागणी करावी, की दर तालुक्याला साथरोगतज्ज्ञाची कायम जागा असावी आणि विषबाधेची नोंद गावासमोर वाचून दाखवावी.

त्या बापाला आमचे उत्तर एवढेच: दादा, पोर सुई टोचणार नाही, गोळी देणार नाही. पण आपल्या वावरात माणूस पडला तर तो कशाने पडला, हे तिला पुराव्यानिशी सांगता येईल. पाठवा तिला.