मिठी: गाळ उपसला, प्रश्न तळाशीच

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, शेकडो मुंबईकरांनी प्राण गमावले आणि आपण ज्याला नाला समजत होतो ती मिठी नावाची नदी आहे, याची महानगराला जाणीव झाली. त्यानंतर दोन दशके उलटली. नदी रुंद झाली, खोल झाली, तिच्या काठांवर भिंतीही उभ्या राहिल्या. मात्र तिच्यातून वाहणारे पाणी काळेच राहिले.

विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यातून निघणारी ही नदी सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या दुरवस्थेचे खापर काठावरच्या झोपड्यांवर आणि भंगाराच्या गोदामांवर फोडणे सोयीचे असते. ते अगदीच निराधार नाही. परंतु विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीचा प्रवाह वळवला गेला, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी पाणथळ जमिनीवर भराव पडला, हे सारे सरकारी संमतीनेच झाले. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत शिरते. तेव्हा पावसाचे पाणी सामावण्यासाठी लागणारी जागाच आपण बांधकामांना देऊन टाकली. गरिबाचे ते अतिक्रमण आणि शासनाचा तो विकास, हा भेद पुराला कळत नाही.

महापुरानंतर २००५ मध्येच मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. प्रत्यक्ष काम मात्र मुंबई महापालिका आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यात वाटले गेले. नदी अखंड, जबाबदारी खंडित! दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गाळ उपसण्याची कंत्राटे निघू लागली. याच कामात सुमारे ६५ कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला. आरोपांची शहानिशा न्यायालयात होईलच; पण यशाचे मोजमाप उपसलेल्या गाळाच्या वजनावर होत असेल, तर गाळ संपण्यात कोणाचे हित असेल, हा प्रश्न त्याआधीच विचारायला हवा.

वास्तविक गाळ हा रोग नसून लक्षण आहे. प्रक्रिया न केलेले सांडपाणी आणि कचरा नदीत येत राहील, तोवर उपसा कधीच पुरा पडणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ मध्ये त्या संरक्षणावर शिक्कामोर्तब केले. नदीच्या पात्रालाही तसेच कठोर संरक्षण हवे. सांडपाणी उगमापाशीच अडवणे, उपशापूर्वीची आणि नंतरची खोली जाहीर करणे आणि संपूर्ण पात्रासाठी एकच उत्तरदायी यंत्रणा नेमणे, एवढे तरी तातडीने व्हावे. अन्यथा प्रत्येक जुलैमध्ये आकाशाकडे पाहून धास्तावणे, एवढेच मुंबईकरांच्या हाती उरेल.