नक्षीआड काय दडतं?

काचेची नक्षीदार भांडी एकेकाळी फक्त श्रीमंतांच्या टेबलावर असत. कारागिरानं नळीनं फुंकून एकेक नग घडवायचा, मग दुसऱ्यानं चाकावर धरून त्यावर नक्षी कापायची. वेळ जायचा, किंमत चढायची. अमेरिकेत १८२०च्या दशकात हे चित्र पालटलं. काच फुंकण्याऐवजी साच्यात दाबायची, ही युक्ती तिथल्या कारखान्यांना जमली. डेमिंग जार्व्हिस यांनी १८२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सँडविच गावी काढलेला कारखाना त्यात नावाजला.

आपल्या चकलीच्या सोऱ्याला दट्ट्या असतो ना, तसाच दट्ट्या इथेही. एक जण भट्टीतून सळईच्या टोकावर वितळलेली काच उचलून साच्यावर धरायचा. दुसरा हवा तेवढा गोळा कात्रीनं कापून आत पाडायचा आणि तरफ ओढून दट्ट्या दाबायचा. गोळा कमी पडला तर काठ अपुरा, जास्त झाला तर भांडं जाड! बाहेरची नक्षी साच्यातूनच उमटून यायची.

यात एक अडचण होती. तापलेली काच लोखंडाला लागली की तिच्यावर सुरकुत्या पडत, चमक जाई. हा दोष झाकण्यासाठी सगळी जागा बारीक ठिपक्यांनी भरून टाकत. ते लेससारखं दिसे, म्हणून ती 'लेसी' काच. तेव्हा तिकडेही चहा बशीत ओतून पीत, आणि ओला कप ठेवायला या काचेच्या इवल्याशा ताटल्या असत. पुढे १८६४ मध्ये व्हीलिंग इथल्या विल्यम लेटन यांनी महागडं शिसं न घालता स्वच्छ काच बनवली. भांडी आणखी स्वस्त झाली, साध्या घरातल्या बाईचं टेबलही सजलं. मला याचं मनापासून कौतुक वाटतं.

पण मैत्रिणींनो, नक्षीनं काचेचा दोष झाकला, तसं स्वस्ताईनं आणखी काही झाकलं. तिथल्या काच कारखान्यांत शाळकरी वयाची पोरं राबत. साचे उघडमीट करायचे, गरम नग निववायच्या भट्टीकडे न्यायचे, तेही रात्रपाळीत. लुईस हाइन यांनी १९०८ मध्ये त्यांचे फोटो काढले, तेव्हा ते चेहरे लोकांना दिसले. तरीही कारखान्यांतल्या बालमजुरीला देशभर आळा घालणारा कायदा टिकायला १९३८ उजाडलं.

हे तिकडचं, जुनं म्हणून सोडून द्यायचं का? आपल्या हातातल्या काचेच्या बांगड्या बहुतेक फिरोजाबादच्या. तिथे बांगडीची टोकं ज्योतीवर जोडायचं काम घराघरांत चालतं आणि त्यात मुलांचे हात असतात, हे वर्षानुवर्षं सांगितलं गेलंय. २०१६च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आहे. पण घराच्या आत कोण डोकावणार? वस्तीतल्या शाळा सुटलेल्या मुलांसाठी मी काम करते. घरबसल्या कामाला जुंपलेलं मूल कुणाच्याच नोंदीत येत नाही, हा माझा रोजचा अनुभव.

स्वस्त वस्तू घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. गरिबाच्या घरालाही शोभा हवीच. पण भाव पाडून घेताना 'एवढ्यात परवडतं कसं?' एवढं दुकानदाराला विचारूया. आणि मूल राबताना दिसलं तर १०९८ हा नंबर फिरवायला कचरू नका.