साडेसहा लाखांचा कंत्राटदार शोधतोय!

आमच्या सोसायटीच्या दुरुस्तीसाठी तीन कोटेशन्स आली. खजिनदार काकांनी हौसेने एक्सेलमध्ये शीट केली. एका रकान्यात कामाचा प्रकार, शेजारी कंत्राटदार, पुढे रक्कम. मग 'मिनइफ्स' लावून प्रत्येक प्रकारातला सर्वात कमी आकडा काढला, त्यांची बेरीज मारली आणि नोटीस लावली: परांची आणि प्लॅस्टर मिळून साडेसहा लाख, 25 फ्लॅट, प्रत्येकी 26,000.

मंडळी, या पैशात काम करायला तिघांपैकी एकही तयार नाहीये!

पहिल्याने परांचीपुढे 0 लिहिलाय, कारण ती त्याच्या 9 लाखांच्या प्लॅस्टरमध्येच धरलीय. दुसऱ्याची परांची 2 लाख, प्लॅस्टर साडेसहा. तिसऱ्याचे 1.8 आणि 7.2. फॉर्म्युल्याने पहिल्याची 'फुकट' परांची उचलली आणि तिच्यावर दुसऱ्याचे गवंडी चढवले.

"मामा, शून्यापेक्षा मोठा अशी अट घाल की," इति भाचा. घातली. आले 8.3 लाख. म्हणजे तिसऱ्याची परांची, दुसऱ्याचं प्लॅस्टर. हेही कोणी देऊ केलेलं नाही! एकेकाची पूर्ण बेरीज केली की कळतं, खरा स्वस्त दुसरा, साडेआठ लाखांत. फ्लॅटमागे 34,000.

फॉर्म्युल्याशी माझं भांडण नाही. एक्सेल 2019 च्या आधी मिनमध्ये इफ घालून कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबायचो, आणि तो प्रकार तर रिकामा चौकोनही 0 धरायचा. मिनइफ्स रिकामे चौकोन सोडतं, पण प्रकार सापडलाच नाही तर गुपचूप 0 देतं. 'परांची'नंतर एक स्पेस जास्त पडली तरी पुरे. असो.

बाजारात कांदे एकाकडून, बटाटे दुसऱ्याकडून घ्या, तिथे प्रकारवार किमान अगदी योग्य. पण एकाच्या परांचीवर दुसरा प्लॅस्टर करणार आणि उद्या भिंत गळली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार, त्याचा रकाना कुठाय?

काका म्हणतात, घासाघीस करायला आकडा बरा. तेवढं मान्य. पण मग तो घासाघिशीच्या वहीत ठेवा ना, वर्गणीच्या नोटिशीत कशाला? तळमजल्यावरच्या आजींनी पेन्शनमधून 26,000 काढूनही ठेवलेत. उरलेले 8,000 मागायला त्यांच्याकडे जाणार कोण? काकांनी माझं नाव सुचवलंय.