तरंगणाऱ्या यंत्राचा बोध

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, एडवर्ड्स हवाई तळावर २ डिसेंबर २००८ रोजी झालेल्या चाचणीचे चित्रीकरण पाहणारा आजही थक्क होतो. ना पंख, ना पाते. जाळ्यांनी वेढलेल्या बंदिस्त जागेत एक ओबडधोबड यंत्र अग्निज्वाळा सोडत अधांतरी तरंगते, डावीउजवीकडे सरकते. कुणी त्याला परग्रहावरील यान ठरवले, कुणी चलच्चित्रातील करामत. वस्तुतः ते लॉकहीड मार्टिन कंपनीने बांधलेले, शत्रूची अनेक अण्वस्त्रे एकाच वेळी टिपू पाहणारे क्षेपणास्त्रविरोधी वाहन होते.

त्यामागील विचार समजून घेण्याजोगा आहे. अंतराळात हवा नसल्याने वजनदार अण्वस्त्र आणि त्यासोबत सोडलेला पोकळ फुगा एकाच गतीने जातात. खरे कोणते नि फसवे कोणते, हे ओळखणे महाकठीण. म्हणून एकाच अग्निबाणावर अनेक छोटी मारक वाहने न्यावीत आणि प्रत्येकाने एकेका लक्ष्यावर आदळावे, अशी ही योजना. त्यात स्फोटके नसतात. प्रचंड वेगाची धडकच पुरेशी. जिथे हवा नाही तिथे पंख निरुपयोगी, म्हणून दिशा बदलायची ती छोट्या अग्निझोतांनीच. पृथ्वीवर त्याची परीक्षा घ्यायची तर आधी गुरुत्वाकर्षण पेलावे लागते. ते तरंगणे म्हणजे चमत्कार नव्हे, परीक्षेची पूर्वअट होती.

परंतु एप्रिल २००९ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी तांत्रिक अडचणी सांगून ही योजना रद्द केली. २०१५ मध्ये तीच संकल्पना नव्या नावाने पुन्हा हाती घ्यावी लागली. धोका तसाच राहतो आणि सिद्धता मात्र खंडित होते, हे समृद्ध राष्ट्रालाही परवडत नाही.

भारताला तर मुळीच नाही. पाकिस्तानने २४ जानेवारी २०१७ रोजी 'अबाबील'ची चाचणी घेऊन एकाच क्षेपणास्त्रावर अनेक अण्वस्त्रे नेण्याचा दावा केला. म्हणजे अमेरिकेपुढचा प्रश्न आपल्या दाराशी आला आहे. आपले शास्त्रज्ञ स्वस्थ नाहीत. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांनी येणारे क्षेपणास्त्र आकाशातच छेदले. २७ मार्च २०१९ रोजी 'मिशन शक्ती'त सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरील आपलाच उपग्रह थेट धडकेने नष्ट केला. मात्र ठरलेल्या मार्गावरील एक उपग्रह टिपणे वेगळे आणि फसव्या फुग्यांच्या गर्दीतून खरे अस्त्र निवडणे वेगळे, याचे भान सुटता कामा नये.

यशाच्या दिवशी फटाके वाजवणारा समाज अपयशी चाचणीच्या दिवशीही शास्त्रज्ञांच्या पाठीशी उभा राहिला पाहिजे. सरकारे येतील आणि जातील; राष्ट्ररक्षणाची साधना अखंड चालली पाहिजे. परक्यांचे यंत्र पाहून तोंडात बोट घालण्यापेक्षा ते कसे चालते हे आपल्या मुलांना समजावून सांगणाऱ्या घरांतूनच उद्याचे शास्त्रज्ञ घडतील.