पगारपत्रकातील दोनशे रुपये

जळगाव-धुळ्याच्या बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत ३००. १९७५ साली हा कर लावला गेला तो रोजगार हमी योजनेसाठी, हे मात्र आज फारसे कुणाच्या स्मरणात नाही.

वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे आजमावलेली ही कल्पना १९७२ च्या दुष्काळाने राज्यभर नेली. शहरी पगारदाराने कर द्यावा, शासनाने तेवढीच भर घालावी आणि काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला १५ दिवसांत काम मिळावे, असा हा व्यवहार. २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदेशीर हक्क झाला.

योगायोग असा की १९७५ मध्येच अमेरिकेने कमी मिळकतीच्या, मुले असलेल्या कामगारांसाठी करसवलत आणली. देय कर शून्य असला तरी रक्कम हाती पडे. पण त्यासाठी आधी मजुरी हवी. शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. तेथील भिल्ल शेतमजुराचे दुखणे नेमके हेच: हंगाम सरला की काम नाही, मग सालदार होऊन मालक देईल ते घ्यायचे. १९७२ मध्ये तिथे उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने कामाची मागणी धरली ती उगीच नव्हे. दुसरीकडे काम मिळू शकते, एवढ्यानेही मालकापुढे मजुरीचा शब्द काढता येतो.

‘करदात्याच्या पैशावर फुकट पोसणे’ हा आक्षेप म्हणूनच इथे लागू पडत नाही. उन्हात खडी फोडणाऱ्याला कुणी काही फुकट दिले नव्हते. हजेरीपटावरील खोटी नावे आणि अर्धवट पडलेली कामे यांचा जाब मात्र विचारायलाच हवा. तो विचारण्याचा अधिकार पगारदाराइतकाच मजुराचाही आहे.