मदत मागायला गेलेला बाप

एप्रिल २०२१ मध्ये मेलबर्नमधला एक बाप पोलीस ठाण्यात गेला. त्याचा मुलगा तेरा वर्षांचा, स्वमग्न, बुद्ध्यांक ७१. 'आयसिस'चे व्हिडिओ बघायचं वेड मुलाच्या डोक्यात शिरलं होतं. गंधक आणि अॅसिटोन आणून दे, असा हट्ट त्यानं आईपाशी धरला होता. हे सगळं घरात दाबून टाकता आलं असतं. पोराच्या नावाला कायमचा डाग लागेल या भीतीनं आपल्याकडेही कितीतरी घरांत असलं काही दाबलंच जातं. या आईबापांनी दाबलं नाही. आमच्या मुलाला यातून बाहेर काढा, असं ते पोलिसांना म्हणाले.

सुरुवातीला समुपदेशनाची व्यवस्था झालीही. पण काही महिन्यांतच दहशतवादविरोधी संयुक्त पथकानं आपला एक गुप्त अधिकारी इंटरनेटवर या मुलाच्या मागावर सोडला. त्यानं दोन सोंगं घेतली. एक चोविशीतला मुस्लीम तरुण, आणि दुसरा परदेशात बसलेला, जास्त कडवा माणूस. ७१ दिवसांपैकी ५५ दिवस हा अधिकारी मुलाशी बोलत राहिला. शाळेच्या सुट्टीत बोलायचा, रात्री उशिरापर्यंत बोलायचा. ज्या पोराशी वर्गात कोणी धड बोलत नसेल, त्याच्यासाठी हा केवढा मोठा मित्र झाला असेल! हा मित्र त्याला सांगत होता, तू चांगला नेमबाज होशील. पुढं ऑक्टोबर २०२१ मध्ये, मुलाला चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर, त्याच्यावर दहशतवादाचे आरोप ठेवले गेले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या बाल न्यायालयातल्या दंडाधिकारी लेस्ली फ्लेमिंग यांनी हा खटला कायमचा थांबवला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पोलिसांनीच द्वेषाकडे आणि हिंसक अतिरेकाकडे ढकलावं, अशी समाजाची अपेक्षा नसते, असं त्यांनी आदेशात नोंदवलं. उपचार करणारे एका हातानं त्या मुलाला ज्या खुळातून सोडवू बघत होते, त्याच खुळाला दुसऱ्या हातानं खतपाणी घातलं जात होतं. आणि दोन्ही हात एकाच सरकारचे होते.

कायदा आणि मनाचे आजार यांच्या सीमेवर हे सदर दर आठवड्याला फिरतं. गेले काही महिने मी अशा खटल्यांची कागदपत्रं वाचतो आहे. वाचताना झोप उडते, म्हणून आज हा विषय घेतला. आजारी आरोपींची नावं मी देणार नाही. त्यातल्या काहींची शिक्षा भोगून संपली आहे, त्यांना निदान विसरलं जाण्याचा हक्क असावा.

गुप्त माणूस मागे लावून सापळा रचायच्या या पद्धतीचं माहेर अमेरिका. ११ सप्टेंबर २००१ नंतर एफबीआयनं ठरवलं की हल्ला होईपर्यंत थांबायचं नाही. संशयिताजवळ खबऱ्या पाठवायचा, त्याच्या मनात काय आहे ते बोलतं करायचं, खोटा बॉम्ब पुरवायचा आणि त्यानं बटण दाबलं की पकडायचं. 'ह्यूमन राइट्स वॉच' आणि कोलंबिया विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातली मानवाधिकार संस्था यांनी जुलै २०१४ मध्ये एक अहवाल काढला. त्यात अशा २७ खटल्यांचा कसून अभ्यास आहे. त्यात मॅसॅच्युसेट्समधल्या एका पदार्थविज्ञानाच्या पदवीधराची हकिगत आहे. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांत स्फोटकं भरून पेंटॅगॉनवर सोडायची, असा त्याचा बेत. बेत मुळात त्याचाच, असं सरकारी पक्ष म्हणाला आणि त्यानं गुन्हा कबूलही केला, हे सांगायलाच हवं. पण याच काळात त्याला झटके येत होते, तो नैराश्यात बुडत चालला होता, आणि त्याच्याकडे बघायला वडिलांना नोकरी सोडावी लागली होती. एफबीआयच्या एका अधिकाऱ्यानं खुद्द वडिलांना सांगितलं होतं की तुमच्या मुलाला मानसिक त्रास आहे हे उघड दिसतं. हे दिसत असूनही एफबीआयनं पुरवलेली स्फोटकं त्याच्या हाती पोहोचलीच. २०१२ मध्ये त्याला १७ वर्षांची शिक्षा झाली.

न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्ग या गरीब शहरातल्या चौघांचं प्रकरण तर अमेरिकेतल्या वकिलांना तोंडपाठ आहे. शाहिद हुसैन नावाचा सरकारी खबऱ्या महागड्या गाडीतून तिथं यायचा. मशिदीबाहेर भेटलेल्या एका कंगाल माणसाला त्यानं अडीच लाख डॉलरचं आमिष दाखवलं आणि त्याच्यामार्फत बाकीचे तिघे गोळा केले. त्यातल्या एकाला स्किझोफ्रेनिया होता. त्याच्या खोलीत लघवीनं भरलेल्या बाटल्या सापडल्या. या माणसाला सिनेगॉगबाहेर बॉम्ब ठेवायच्या कटातला दहशतवादी म्हणून मे २००९ मध्ये पकडलं गेलं. न्यायाधीश कॉलीन मॅकमोहन यांनी २०११ मध्ये शिक्षा सुनावतानाच सरकारवर कडक ताशेरे ओढले. पण कायद्यानं किमान शिक्षा २५ वर्षांची ठरवून दिली होती, त्यामुळे त्यांचे हात बांधलेले होते. जुलै २०२३ मध्ये त्यांनीच चौघांपैकी तिघांना करुणेच्या आधारावर सोडायचा आदेश दिला. कटाचा खरा सूत्रधार अमेरिकेचं सरकार होतं, या अर्थाचं वाक्य त्या आदेशात आहे. आजारी माणूसही त्या तिघांत होता. मधली चौदा वर्षं मात्र गेली ती गेलीच.

फ्लोरिडातल्या टाम्पा शहरातल्या एका खटल्यात न्यायालयानं नेमलेल्या मानसशास्त्रज्ञानं आरोपीला गंभीर मनोविकार असल्याचं निदान केलं होतं. त्याच्याजवळ शस्त्र घ्यायला पैसे नव्हते. मग खबऱ्यानं त्याला आपल्याकडे कामाला ठेवलं, आणि त्या कामाच्या पैशातून त्यानं एफबीआयच्याच गुप्त अधिकाऱ्याकडून शस्त्रं घ्यायचं ठरवलं. एफबीआयची माणसं आपापसात त्याला मतिमंद म्हणून हिणवत होती, तो कफल्लक आहे असं म्हणत होती. ते संवाद ध्वनिमुद्रित झाले आणि पुढं प्रसिद्धही झाले. शिक्षा ४० वर्षांची झाली.

असं असताना न्यायालयं हे का थांबवत नाहीत? अमेरिकेतल्या कायद्यात 'पोलिसांनीच मला गुन्ह्यात ओढलं' असा बचाव आहे. १९३२ पासून तो सर्वोच्च न्यायालयाला मान्य आहे. पण तो टिकायला एक अट आहे. गुन्ह्याकडे आरोपीचा कल आधीपासून असता कामा नये. कल होता एवढं सरकारी पक्षानं दाखवलं की बचाव कोसळतो. २००१ नंतरच्या दहशतवादाच्या खटल्यांत ज्युरीपुढं तो जवळजवळ कधीच टिकलेला नाही.

माझं सगळं म्हणणं या 'कल' शब्दापाशी येऊन थांबतं. आजारी माणसाचा कल ओळखायचा कसा? स्वमग्न मुलाला एखादा विषय लागला की लागला. आगगाड्या असोत, डायनासोर असोत, महिनोन्‌महिने तो त्यातच रमतो. दुर्दैवानं तो विषय 'आयसिस' निघाला तर सरकारी वकील त्याला निष्ठा म्हणतो. स्किझोफ्रेनियात आपल्याला मोठ्या कार्यासाठी निवडलं आहे असा भ्रम होतो, न्यायालयात त्याला निर्धार म्हटलं जातं. खोल नैराश्यातला माणूस मरण मागत असतो. त्याला कोणी सांगितलं की असं मेलास तर शहीद होशील, तर त्याची मान हलते. आणि कमी बुद्ध्यांकाची माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून 'हो' म्हणत राहतात, हे अशा मुलांच्या कुठल्याही आईला विचारा. अशा माणसांच्या बाबतीत आजाराची लक्षणं आणि कलाचे पुरावे हे एकच होऊन बसतात. जे डॉक्टरच्या केसपेपरवर लिहायचं, तेच आरोपपत्रात लिहिलं जातं.

याच अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाला हे एकदा नेमकं कळलं होतं. १९५८ च्या शर्मन खटल्यात आरोपी अमली पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडायला डॉक्टरकडे जात होता. खबऱ्यानं त्याला तिथंच गाठलं. मलाही त्रास होतोय, थोडा माल मिळवून दे, अशी पुन्हापुन्हा गळ घातली. आरोपीच्या नावावर आधीचे गुन्हे होते, तरीही न्यायालयानं शिक्षा रद्द केली. जिथं तो बरा व्हायला गेला होता, तिथंच त्याला गाठलं होतं. मेलबर्नच्या मुलाची गोष्ट त्याहून फार निराळी नाही.

कॅनडानं यात धीटपणा दाखवला. ब्रिटिश कोलंबियातलं एक जोडपं, हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडायच्या धडपडीत असलेलं, सरकारी मदतीवर जगणारं. तिथल्या पोलिसांनी त्यांच्याभोवती महिनोन्‌महिने शेकडो माणसं लावून एक खोटी दुनिया उभी केली. १ जुलै २०१३ ला तिथल्याच व्हिक्टोरिया शहरातल्या विधानभवनापाशी या जोडप्यानं प्रेशर कुकरचे निकामी बॉम्ब ठेवले. जून २०१५ मध्ये ज्युरीनं त्यांना दोषी धरलं. पण जुलै २०१६ मध्ये न्यायमूर्ती कॅथरीन ब्रूस यांनी खटलाच थांबवला. जगात दहशतवादी आहेत तेवढे पुरेसे आहेत, पोलिसांनी नवे घडवू नयेत, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. डिसेंबर २०१८ मध्ये वरच्या न्यायालयानंही तो उचलून धरला. कॅनडात न्यायालय आधी पोलिसांच्या वागण्याकडे बघतं, आणि ज्याच्यावर प्रयोग झाला तो किती दुबळा होता हेही बघतं. मला हा मार्ग न्यायाचा वाटतो.

'सापळा' या शब्दाचे धडे आपल्याकडेही गिरवलेले आहेत. सापळा रचून तलाठ्याला पकडलं, अशी बातमी आपण रोज वाचतो. त्या सापळ्याची एक शिस्त असते. आधी तक्रारदार येतो, मग पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, आणि त्यानंतरच पावडर लावलेल्या नोटा पुढं सरकतात. मागणी समोरच्याकडून आली पाहिजे. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हायला हवेत, हे २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं पुन्हा सांगितलं. आणि १९५६ मध्येच रामजनम सिंग खटल्यात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी लिहून ठेवलं की माणसाची प्रवृत्ती कशीही असो, त्याच्या सोसण्यापलीकडचा मोह त्याला मुद्दाम दाखवला जाऊ नये, एवढी अपेक्षा ठेवण्याचा त्याला हक्क आहे. लाचखोर अंमलदाराला लागू होणारं हे तत्त्व स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला तर कितीतरी जास्त लागू व्हायला हवं. त्याची सोसण्याची ताकद आजारानंच पोखरलेली असते.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सिडनीच्या लिंट कॅफेत एकानं लोकांना ओलीस धरलं आणि ओलिसांपैकी दोघांचा जीव गेला. त्या माणसाच्या मानसिक अवस्थेवर पुढच्या चौकशीत बराच खल झाला. मन आजारी आहे म्हणून माणूस निरुपद्रवी, असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. उद्या स्फोट झाला तर लोक पोलिसांनाच विचारतील, तुम्हाला माहीत होतं, मग काय केलंत? मुंबईनं १९९३ आणि २००८ पाहिलं आहे, त्यामुळे ही भीती मला पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. पोलिसांनी नजर ठेवावी, घराची झडती घ्यावी, गरज पडली तर न्यायालयाच्या आदेशानं माणसाला उपचारासाठी दाखल करावं. या कशालाच माझी हरकत नाही. पण ज्याच्या आजाराची नोंद पोलिसांच्या स्वतःच्या फाइलमध्ये आहे, त्याला नवी कल्पना सुचवणं, पैसे देणं, शस्त्र हातात ठेवणं, मित्र म्हणून रात्री जागवणं, हे पूर्ण बंद व्हायला हवं. आजार कळला त्या दिवशी फाइल मनोविकारतज्ज्ञासमोर गेली पाहिजे आणि सापळ्याचं काम थांबलं पाहिजे. त्यानं कोणाची सुरक्षा कमी होत नाही. मेलबर्नमध्ये धोका ओळखला तो गुप्त अधिकाऱ्यानं नव्हे, आईबापांनी. उद्या दुसरा बाप हे वाचून घरातच गप्प बसला, तर पोलीस आंधळेच होतील.

मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एक बाई घरी आल्या. मुलगा वीस वर्षांचा. वर्षभर खोलीत कोंडून घेतलेला, रात्रभर मोबाइलवर, तोंडात कोणाकोणाला संपवायची भाषा. औषधं घेत नाही. बाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "दादा, पोलिसांना सांगू का? मदत करतील ना ते?" मी त्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा रुग्णाबाबत पोलिसांवर जबाबदारी टाकली आहे, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर सरकारी रुग्णालयात गेलो, कारण एकटीनं जायचं त्यांना धाडस होत नव्हतं. पोलिसांच्या प्रश्नाला मी 'हो' म्हणालो, पण म्हणण्याआधी क्षणभर थांबलो. ते त्यांच्या लक्षात आलं. परत येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "तुम्ही काल थांबलात का?"