गळतीचें कौतुक

जुन्या इंग्रजी मोटारींच्या हौशी मालकांमध्यें एक विनोद फार दिवसांपासून रूढ आहे. गाडीखालीं तेलाचा डाग दिसला तर काळजी करूं नये; डाग दिसेनासा झाला म्हणजे मात्र करावी, कारण तेल संपलें असें समजावें! विनोद म्हणून तो आम्हांसही मान्य आहे. परंतु अलीकडे या विनोदाचा सिद्धांत बनूं लागला आहे, आणि त्यास आमची हरकत आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे कालपरवांपर्यंतच्या औरंगाबादेंत, एखाद्या सुखवस्तु घरीं दोन आसनांची जुनी क्रीडामोटार जपलेली आढळते. तिच्या पोटाखालीं पत्र्याची परात ठेवलेली असते, आणि त्या परातीकडे बोट दाखवून मालक अभिमानानें सांगतात, "अहो, ही गाडी गळायचीच! तो तिचा स्वभाव आहे." आमचें स्पष्ट मत असें कीं, हा आळस आहे, आणि त्याच्या अंगावर रसिकतेची शाल पांघरलेली आहे.

प्रथम या पक्षाचें म्हणणें न्यायानें मांडूं. जुन्या मोटारींच्या काळीं उत्तम रबरी सील सर्वत्र मिळत नव्हतीं, हें खरें आहे. कित्येक गाड्यांत फिरत्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, उलट्या आट्यांची खांच कोरीत. शाफ्ट फिरूं लागला कीं ती खांच बाहेर येऊं पाहणारें तेल आंत परत लोटी. शाफ्ट थांबला कीं लोटणेंही थांबे, आणि उभ्या गाडीखालीं चार थेंब पडत. कोठें कातडें, कोठें बूच, कोठें नुसता कागद घालून सांधे बुजवीत. अशा रचनेच्या गाडीनें रात्रभरांत दोन-चार थेंब सांडले तर तिला दोष देणें अन्यायाचें होईल. पण या सत्याची मर्यादा थेंबापर्यंतच आहे. ज्या कारागिरानें ती खांच कोरली त्यानें तेल आंत राहावें म्हणूनच कोरली. परात भरावी म्हणून नव्हे. थेंबाची सबब सांगून परातभर तेलाचें समर्थन करणें म्हणजे निर्मात्याच्या अडचणीस त्याचा हेतु ठरविणें होय.

उदाहरणासाठीं ट्रायम्फ स्पिटफायर ही गाडी घेऊं. १९६२ पासून १९८० पर्यंत ती इंग्लंडांत बनत होती. तिचा आपल्या देशाशीं एक दूरचा नातेसंबंध आहे. ट्रायम्फ हेरल्ड या साध्या कौटुंबिक गाडीचा सांगाडा आंखूड करून स्पिटफायर उभारली गेली. आणि तीच हेरल्ड १९६१ पासून मद्रासेस स्टँडर्ड हेरल्ड या नांवानें तयार होऊं लागली. जी गाडी डॉक्टर व वकील मंडळींच्या दारांत उभी असे, तिची ही नखरेल बहीण. साहजिकच हेरल्डवर हात बसलेल्या आपल्याकडील मिस्त्र्यास स्पिटफायरचा गिअरबॉक्स परका वाटत नाहीं. त्या गिअरबॉक्सच्या मागच्या टोकास रबरी ओठाचें सील असते. तेथून धार लागली तर तो स्वभाव नव्हे, बिघाड आहे. आणि बिघाडाला कारण असतें.

या गळतीनें होतें काय, हें कौतुक करणाऱ्यांनीं एकदां नीट समजून घ्यावें. इंजिनांतील तेल मोजण्यास काडी असते. येथें ती नाहीं. तेल किती उरलें हें पाहण्यासाठीं गाडीखालीं शिरून बाजूचें बूच काढावें लागतें, आणि हें कष्ट कोण घेतो? तेल ओसरलें कीं चक्रांनीं उडविलेले तुषार वरच्या बेअरिंगांपर्यंत पोंचत नाहींत. बेअरिंग कोरडें पडतें, शाफ्ट डुगडुगूं लागतो, आणि डुगडुगणारा शाफ्ट नव्या सीलासही टिकूं देत नाहीं. म्हणजे गळतींतून झीज आणि झिजेंतून अधिक गळती असें हें चक्र आहे. गळती पुढच्या टोकास असेल तर तेल क्लचच्या तबकडीवर जाऊन ती निसटूं लागते. थेंबें थेंबें तळें साचे ही म्हण संचयाच्या स्तुतीसाठीं आहे खरी. परंतु तळें जमिनीवर साचूं लागलें म्हणजे आंतला सांठा रिता होत असतो, एवढें तरी सुशिक्षितांस कळावयास हवें.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. हा पक्ष उद्योगी आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. डाग दिसला रे दिसला कीं हा नळींतून सिलिकोन पिळतो, सांध्यावर लिंपतो, बोल्ट पिरगाळून आवळतो, दाट तेल ओततो, आणि वर "गळतीबंद" औषधाची बाटली रिकामी करतो. रोग रेड्याला नि औषध पखालीला! जास्त आवळल्यानें पत्र्याचें झांकण वांकतें व जेथून पाझर होता तेथून धार लागते. सांध्याच्या आंत निसटलेला सिलिकोनचा तुकडा तेलाबरोबर फिरत राहून भलत्याच वाटा बुजवितो. "अधिक कडक" म्हणून जें तेल ओततात त्यांतील गंधकयुक्त द्रव्यें कित्येकदां जुन्या गिअरबॉक्सांतील पितळी कड्यांस मानवत नाहींत. मोटारीच्या पुस्तिकेंत कोणतें तेल सांगितलें आहे, हें पाहण्याची तसदी हा पक्ष घेत नाहीं. आणि पुष्कळदां तर गळतीचें कारण एवढेंच असतें कीं, तेल बाजूच्या भोंकाच्या पातळीहून वर भरलेलें असतें!

सर्वांत दुर्लक्षिलें जाणारें कारण म्हणजे ब्रीदर, गिअरबॉक्सचें श्वास घेण्याचें छिद्र. गाडी चालली कीं तेल तापतें, आंतील हवा प्रसरण पावते, व त्या छिद्रावाटे बाहेर पडते. तें छिद्र मातीनें बुजलें म्हणजे कोंडलेली हवा सर्वांत दुबळा सांधा शोधून तेथून तेलास बाहेर ढकलते. मग तुम्ही सीलें बदलीत बसा. एक बदललें कीं दुसरें गळूं लागेल. या शहरांतील माणसास हें तत्त्व अपरिचित असूं नये. मलिक अंबरानें सतराव्या शतकांत येथें नहरीचें पाणी आणलें, आणि खापरी नळांतून आलेलें पाणी पाणचक्कीवर पडतांना आपण पाहुण्यांस कौतुकानें दाखवितों. दख्खनेंतील अशा पाणीयोजनांत वाटेवर उंच पोकळ मनोरे उभारीत. विजापुरास त्यांना गंज म्हणतात. नळांत सांचलेला दाब व कोंडलेली हवा त्यांवाटे मोकळी होई, म्हणून मातीचे सांधे टिकत. नळ फुटूं नये यासाठीं नळाची जाडी वाढविण्यापेक्षां त्यास श्वास देणें शहाणपणाचें, हें जुन्या कारागिरांस ठाऊक होतें. पाणचक्कीचें तिकीट काढणारे आम्ही मात्र चार आण्याच्या तारेनें जें छिद्र मोकळें होईल त्याऐवजीं सिलिकोनच्या नळ्या रिकाम्या करतों.

मग योग्य मार्ग कोणता? तो साधा आहे, पण त्यास सबुरी लागते. प्रथम गिअरबॉक्स रॉकेलनें स्वच्छ धुवावा व कोरडा करावा. नंतर त्यावर खडूची वा टाल्कची पूड उडवावी, गाडी थोडी फिरवून आणावी, आणि दिवा घेऊन पाहावें. धांवत्या गाडीखालचा वारा तेलास मागें नेतो व त्याचें वजन त्यास खालीं ओढतें. यास्तव थेंब जेथून टपकतो ती जागा बहुधा गळतीची नसतेच. पुडीवर सर्वांत पुढें व सर्वांत वर जो ओला डाग असेल, तेथें शोध करावा. तो वरच्या झांकणाच्या कागदापाशीं असेल, वेगमापकाच्या दांड्यापाशीं असेल, किंवा मागच्या सीलापाशीं असेल. आंत आरपार उघडणाऱ्या भोंकांतील बोल्टांच्या आट्यांतूनही तेल चढतें, हें पुष्कळांच्या ध्यानींमनीं नसतें. सील गळत असेल तर सील बदलण्यापूर्वीं शाफ्टवर नख फिरवावें. जुन्या सीलाच्या ओठानें तेथें खांच पाडली असेल तर नवें सील त्याच खांचेवर बसून महिनाभरांत गळूं लागेल. तें थोडें पुढें-मागें बसवावें, किंवा झिजल्या जागीं पातळ बाही चढवावी. शाफ्ट हातानें हलवून डुगडुगतो का तेंही पाहावें. डुगडुगत असेल तर दोष सीलाचा नसून बेअरिंगाचा आहे. स्पिटफायरच्या बाबतींत तर निर्मात्यानें दुरुस्तीची सोयही करून ठेवली आहे: आसनें व मधलें आच्छादन काढलें कीं गिअरबॉक्स गाडीच्या आंतूनच उचलून घेतां येतो, इंजिन हलवावें लागत नाहीं. ज्यानें एवढी सोय केली त्याच्यावर "गळायचीच" असा आळ घ्यावा काय?

येथें आमचा खरा वाद सुरू होतो, आणि तो मोटारीशीं नसून मोटारीच्या मालकाशीं, म्हणजे आमच्याच वर्गाशीं आहे. वर सांगितलेल्या कृतींत वस्तूंचा खर्च अगदीं किरकोळ आहे. खर्च आहे तो शोधण्याच्या तासांचा. आणि नेमके तेच तास आम्हांस फुकट हवे असतात. सीलाची किंमत आम्ही बिनतक्रार देतों, कारण तें डब्यांतून येतें व त्यावर छापील आंकडा असतो. रंगासाठीं, पॉलिशसाठीं, नव्या कातडी आसनांसाठीं आम्ही सढळ हातानें देतों, कारण तें प्रदर्शनांत दिसतें. परंतु जुन्या शहरांतील एखाद्या उस्तादानें अर्धा दिवस गाडीखालीं पाठ टेकून कारण शोधलें आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे मागितले, तर आम्ही म्हणतों, "अहो, तुम्ही केलें तरी काय? एक छिद्र तर मोकळें केलेंत!" हेंच वाक्य आम्ही वैद्यास म्हणत नाहीं, वकिलास म्हणत नाहीं, आणि महाविद्यालयांतील प्राध्यापकास म्हटलेलें तर आम्हांस मुळींच खपणार नाहीं. बुद्धीचे पैसे कोट घातलेल्यास आणि हातांचे पैसे काळ्या हातांच्यास, अशी आमची वांटणी आहे. काळ्या हातांमागेंही बुद्धि चालते हें मानण्याची आमची तयारी नाहीं.

या शहराला तर ही वृत्ति मुळींच शोभत नाहीं. येथें १९६० सालीं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. वाळूज येथें १९८५ सालीं बजाजचा कारखाना सुरू झाला. शेंद्र्यास २००१ सालीं स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊं लागल्या. यंत्रें घडविण्याचा मान आम्हांस मिळाला. परंतु यंत्र बिघडल्यावर त्याचें कारण शोधण्याची विद्या पदव्यांच्या बाहेर, गॅरेजांतील उस्ताद व शागीर्द यांच्या तोंडींच राहिली. उस्तादाचा मुलगा हा धंदा घेत नसेल तर त्याचा दोष नाहीं. ज्या कामाचे अर्धे तास फुकट धरले जातात तें काम शहाणा मुलगा कां घेईल? तो जाईल, आणि त्याच्याबरोबर ती विद्याही जाईल.

सरकारनेंही या बाबतींत बाह्य रूपाचीच काळजी घेतली आहे. २०२१ सालच्या नियमांनीं ५० वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांस निराळी नोंदणी दिली. २०,००० रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत, क्रमांकांत "व्हीए" हीं अक्षरें, आणि वाहनाचें मूळ रूप राखण्याची अट, असा तो प्रकार आहे. रोजच्या कामासाठीं अशी गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शनासाठीं, तसेंच इंधन व देखभाल यांसाठीं आणतां येते. नियम वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जी गाडी बहुतेक वर्ष उभीच राहते तिच्या सीलांचे ओठ सुकतात आणि ती अधिकच गळते. मूळ रूप राखावयाचें तर तें राखणारा हातही राखला पाहिजे; आणि तो सरकारी शुल्कानें राखला जात नाहीं, मालकाच्या मोबदल्यानें राखला जातो.

कोणी म्हणेल, श्रीमंतांच्या खेळण्यासाठीं एवढा खल कशाला? आमचें उत्तर असें कीं, ही संवय खेळण्यापाशीं थांबत नाहीं. घराच्या गच्चीस ओल आली कीं आम्ही आंतून रंग देतों. पाणी कोठून शिरतें हें शोधणाऱ्या गवंड्याशीं मात्र घासाघीस करतों. मुलगा एका विषयांत मागें पडला कीं शिकवणी लावतों; तो कोठें अडला हें विचारीत नाहीं. लक्षण झांकणें स्वस्त आणि कारण शोधणें महाग, हा हिशेब ज्या घरांत एकदां रुजला तेथें तो सर्वच वस्तूंस लागूं पडतो. मोटारीचा दोष एवढाच कीं ती तो हिशेब परातींत दाखविते.

म्हणून आमची मागणी मोठी नाहीं. ज्यांस गळती पटत असेल त्यांनीं ती खुशाल चालूं द्यावी, पण तिला परंपरा म्हणूं नये. ज्यांस ती थांबवावयाची असेल त्यांनीं पुढील वेळीं उस्तादाकडे गाडी नेतांना सीलाची किंमत विचारण्यापूर्वीं शोधण्याचे तास किती लागतील हें विचारावें, आणि त्या तासांचे पैसे आधीं ठरवावेत. कारण सांपडलें आणि तें केवळ बुजलेलें छिद्र निघालें, तरी ते पैसे पूर्ण द्यावेत. किंबहुना तेव्हां अधिकच आनंदानें द्यावेत, कारण त्या माणसानें आपला सबंध गिअरबॉक्स उगाच खोलला नाहीं.